परदेशी न जाणाऱ्या नऊ जणांसाठी : माल्मो विद्यापीठाचे प्रकरण

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा हिशेब बहुतेक ठिकाणी दोन आकड्यांत मांडला जातो. बाहेरून किती विद्यार्थी आले आणि आपले किती बाहेर गेले. जे कुठेच गेले नाहीत त्यांचा आकडा या हिशेबात जवळजवळ कधीच नसतो. हे टिपण त्या तिसऱ्या गटाबद्दल आहे. दक्षिण स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या एका नव्या विद्यापीठाने १९९० च्या दशकाच्या शेवटी हा प्रश्न अंगावर घेतला आणि त्याचे उत्तर परदेशात नव्हे, तर आपल्याच शहरातल्या प्राथमिक शाळांत शोधले. पंचवीसहून अधिक वर्षे चाललेल्या या कामातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातल्या अडचणींतून त्याहून जास्त.

शहर

माल्मोच्या समोर, सामुद्रधुनीपलीकडे कोपनहेगन आहे. १ जुलै २००० रोजी ओरेसुंडचा पूल खुला झाला आणि डेन्मार्कची राजधानी लोकलच्या अंतरावर आली. पण त्याआधीची पंधरा वर्षे शहराला फार जड गेली होती. कोकुम्स ही जहाजबांधणीची गोदी म्हणजे माल्मोची ओळख. तिथले व्यापारी जहाजांचे काम १९८० च्या दशकात थांबले, त्याच जागेवर साबने काढलेला मोटारींचा कारखाना १९९१ मध्ये बंद झाला आणि त्यानंतर स्वीडनवर आलेल्या आर्थिक संकटात हजारो नोकऱ्या गेल्या. गोदीतली सुमारे १४० मीटर उंचीची क्रेन शहरात कुठूनही दिसायची. ती ह्युंदाईने एका डॉलरला घेतली आणि २००२ मध्ये सुटी करून दक्षिण कोरियातल्या उल्सानला नेली.

काम जात होते तेव्हाच माणसे येत होती. साठच्या दशकात कारखान्यांत कामाला आलेली युगोस्लाव्ह कुटुंबे शहरात आधीपासून होती. नंतर चिली, इराण, लेबनॉन इथून लोक आले. १९९२ ते १९९५ च्या बोस्नियातल्या युद्धातून पळालेल्यांचा मोठा ओघ आला, पुढे इराक आणि सीरियातून आला. रोसेनगोर्ड ही उपनगरातली वसाहत या सगळ्याचे केंद्र बनली. फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविच तिथलाच, बोस्नियन वडील आणि क्रोएशियन आईचा मुलगा. आज माल्मोतला साधारण दर तिसरा रहिवासी स्वीडनबाहेर जन्मलेला आहे.

शाळांच्या वर्गांत हे सगळे जग बसलेले होते. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात मात्र बहुसंख्य विद्यार्थी स्वीडिश मध्यमवर्गातून आलेले, आणि त्यातल्या कित्येकांनी रोसेनगोर्डमध्ये पाऊलही टाकलेले नव्हते. उद्या त्याच वर्गांपुढे त्यांना उभे राहायचे होते.

विद्यापीठापुढची अडचण

शिक्षक-प्रशिक्षण, दंतवैद्यक, परिचारिका प्रशिक्षण असे शहरात आधीपासून असलेले विभाग एकत्र करून आणि नवे जोडून १ जुलै १९९८ रोजी माल्मोची उच्चशिक्षण संस्था सुरू झाली. तिला पूर्ण विद्यापीठाचा दर्जा १ जानेवारी २०१८ ला मिळाला. सोयीसाठी इथे तिला विद्यापीठच म्हणतो. इमारती उभ्या राहिल्या त्या जुन्या बंदराच्या आणि गोदीच्या जमिनीवर.

स्वीडन १९९५ मध्ये युरोपीय संघात गेला होता आणि इरॅस्मस योजनेतून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण जोरात होती. जुन्या विद्यापीठांकडे करारांच्या थप्प्या होत्या. काही मैलांवरचे लुंड विद्यापीठ तर सतराव्या शतकापासूनचे. माल्मोकडे नवेपणापलीकडे काही नव्हते. परदेशी भागीदार नव्हते, आणि विद्यार्थीही असे, की अनेक जण घरातले पहिले पदवीधर, काही संसार आणि नोकरी सांभाळून शिकणारे. त्यांना सहा महिने लिस्बनला जाऊन राहा म्हणणे सोपे नव्हते.

आंतरराष्ट्रीय विभागाची जबाबदारी बेंग्ट निल्सन यांच्याकडे होती. त्यांनी प्रश्न उलटा करून विचारला. अगदी चांगल्या परिस्थितीतही दहातला एखादाच विद्यार्थी परदेशी जातो, मग उरलेल्या नऊ जणांनी आंतरराष्ट्रीय शिक्षण कुठे घ्यायचे? १९९९ मध्ये त्यांनी ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना युरोपातल्या सहकाऱ्यांपुढे ठेवली. विद्यार्थ्याने परदेशी जाणे एवढे सोडून आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे जे जे करता येईल ते सगळे तिच्यात येते. या प्रश्नाचे वजन पुढे वाढतच गेले. २००९ मध्ये लूव्हेनच्या बैठकीत युरोपीय शिक्षणमंत्र्यांनी २०२० पर्यंत २० टक्के पदवीधरांनी परदेशात काही काळ शिकलेले असावे असे उद्दिष्ट ठरवले. ते शंभर टक्के साधले असते तरी पाचातले चार घरीच राहिले असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आपल्याकडे ही कल्पना बऱ्याचदा पातळ होऊन पोहोचते. वर्षातून एकदा परदेशी विद्यार्थ्यांना त्यांच्या पोशाखात मंचावर उभे करणे, खाद्यपदार्थांचे स्टॉल लावणे, दोन नृत्ये बसवणे याने वातावरण आनंदी होते, आणि तेवढ्यासाठी ते जरूर करावे. पण त्याने कोणाची समज बदलल्याचे मी तरी पाहिलेले नाही. या विषयाचे अभ्यासक योस बेलेन आणि एल्सपेथ जोन्स यांनी २०१५ मध्ये या कल्पनेची नवी व्याख्या मांडली, तिचा भर दोन गोष्टींवर आहे. आंतरराष्ट्रीय आणि आंतरसांस्कृतिक अंग अभ्यासक्रमात हेतुपूर्वक विणलेले असावे, आणि ते सर्व विद्यार्थ्यांसाठी असावे. हौशी, इंग्रजी बोलणाऱ्या, आधीच मोकळ्या स्वभावाच्या विसांसाठी ते नसावे.

उपक्रम

माल्मोमध्ये या विचाराला ज्या कामाने आकार दिला ते खरे तर संस्थेच्या स्थापनेआधी, १९९७ मध्येच, तिथल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या आधाराने सुरू झाले होते. नाव नाइटिंगेल, स्वीडिशमध्ये ‘नेक्टरगालेन’. मूळ प्रेरणा इस्राएलच्या ‘पेराख’ या योजनेची. १९७४ मध्ये वाइझमन इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या त्या योजनेत विद्यापीठातले तरुण वंचित घरांतल्या मुलांना दर आठवड्याला भेटतात आणि त्याबदल्यात शिष्यवृत्ती मिळवतात.

माल्मोतली रचना अशी. आठ ते बारा वर्षांचे एक मूल आणि विद्यापीठातला एक विद्यार्थी यांची जोडी जुळवायची. ऑक्टोबर ते मे, आठवड्यातून एकदा, दोन ते तीन तास दोघांनी बरोबर घालवायचे. विद्यार्थ्याने अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, त्याची पोलिसी पडताळणी व्हायची. पालकांची संमती घ्यायची. विद्यार्थ्याला आधी प्रशिक्षण, नंतर वर्षभर नियमित मार्गदर्शन बैठका आणि एक माफक मानधन.

सगळ्यात महत्त्वाची अट काय करायचे नाही याबद्दलची आहे. ही शिकवणी नाही. गृहपाठ घेणे, स्वीडिश सुधारणे, गणित पक्के करणे हे विद्यार्थ्याचे काम नाही. दोघांनी वाचनालयात जावे, संग्रहालय पाहावे, बर्फावर घसरावे, केक भाजावा, विद्यापीठाच्या इमारतीत एक फेरी मारावी. वरवर ही अट मामुली वाटते. पण शिकवणी म्हटली की मोठा शिकवतो आणि लहान शिकतो हे लगेच ठरून जाते, आणि मग विद्यार्थ्याने स्वतः काही शिकायला जागाच उरत नाही. आपल्याकडच्या सेवायोजनांत हीच गोष्ट हातून निसटते असे मला फार वाटते. आपण विद्यार्थ्याला ‘द्यायला’ पाठवतो.

मुलाला यातून आत्मविश्वास मिळावा, विद्यापीठ ही आपल्यालाही जाण्याजोगी जागा आहे हे त्याला कळावे, हा एक हेतू. आणि विद्यार्थ्याला आपल्यापेक्षा वेगळ्या घरात, वेगळ्या रीतीत, वेगळ्या आर्थिक वास्तवात वावरता यावे, हा दुसरा. दोन्ही हेतू बरोबरीचे आहेत असे योजनेत पहिल्यापासून सांगितले गेले.

एक दुपार, जवळून

कोणा एका जोडीची हकीकत इथे सांगत नाही. योजनेची रचना आणि स्वीडिश रीतीभाती माहीत असल्या की पहिल्या भेटी कशा असू शकतात याचा अंदाज बांधता येतो, तसा एक प्रसंग कल्पून पाहू.

ऑक्टोबरचा शेवट. माल्मोत साडेचारच्या सुमारास अंधारून येते. शिक्षिका होऊ घातलेली एक तरुणी दहा वर्षांच्या मुलीला घ्यायला तिच्या घरी येते. बेत साधा आहे. शहराच्या वाचनालयात जायचे आणि साडेसहाला परत सोडायचे. वेळ आठवडाभर आधी ठरलेली, त्यामुळे ती अगदी घड्याळाच्या ठोक्याला दारात उभी आहे. दार उघडते तर टेबलावर जेवण मांडलेले. भात, कोंबडी, दह्याची वाटी, ब्रेडची चळत. मुलीची आई म्हणते, आधी बसा. तिचे स्वीडिश तुटक आहे, त्यामुळे मधली वाक्ये मुलगीच दोन्हीकडे पोहोचवते आहे. धाकटा भाऊ सोफ्यामागून बघतो आहे.

तरुणीच्या मनात काय चालले असेल? ती अशा समाजात वाढली आहे, जिथे जेवायला बोलावणे आधी ठरते आणि न ठरवता कोणाचे अन्न खाणे म्हणजे त्याच्यावर भार टाकणे. २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर जगभर एक वाद रंगला होता. स्वीडिश घरात मित्राकडे खेळायला गेलेल्या मुलाला, घरची मंडळी जेवत असताना, दुसऱ्या खोलीत थांबायला सांगतात हे ऐकून अरब, भारतीय, लॅटिन अमेरिकी लोक चकित झाले. अनेक स्वीडिश लोकांनी सांगितले, की यात तुसडेपणा नाही; दुसऱ्या घरच्या जेवणाच्या बेतात ढवळाढवळ करू नये हीच त्यामागची भावना. आता तीच तरुणी या टेबलासमोर उभी आहे. नको म्हणणे तिच्या दृष्टीने सभ्यता. आईच्या दृष्टीने मात्र जिच्याबरोबर आपण पोटची पोर अंधारात बाहेर पाठवणार, ती आपल्या घरचा घास घेत नाही. मराठी वाचकाला आईची बाजू समजावून सांगावी लागणार नाही. त्याला कदाचित तरुणीची बाजू समजून घ्यायला जास्त कष्ट पडतील, आणि आंतरसांस्कृतिक क्षमतेची, म्हणजे वेगळ्या रीतीच्या माणसांत समजून वागता येण्याची, कसोटी आपल्यापुरती तिथेच आहे.

समजा, ती बसली. दोन घास खाल्ले, वाचनालयाला उशीर झाला. माल्मोच्या शहर वाचनालयाची १९९७ मध्ये उघडलेली नवी इमारत पाहण्यासारखी आहे. डॅनिश वास्तुविशारद हेनिंग लार्सन यांनी उभारलेल्या काचेच्या उंच भिंती, बाहेर बागेतली झाडे, आत सगळ्या मजल्यांवर पुस्तके. मुलगी बसमधून कित्येकदा तिथून गेलेली आहे. आत येण्यासाठी पैसे पडत नाहीत हे तिच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. तरुणीला हे माहीत असण्याचा प्रश्नच कधी आला नव्हता, ती दुसरीत असताना शाळेने तिला तिथे आणले होते.

एवढेच घडले आणि तिथेच थांबले तर त्याची एक गोड आठवण होते. खरे काम पुढच्या मार्गदर्शन बैठकीत. तिथे समन्वयक किंवा अध्यापक तिला विचारतो: तू काय पाहिलेस आणि त्यातला अर्थ कुठे तू घातलास? उशीर झाला म्हणून तुला अस्वस्थ वाटले, तो वेळेचा नियम तू कुठे शिकलीस? आईने तुझ्याबद्दल काय ठरवले असेल? दहा वर्षांची मुलगी घरात दुभाषा असते तेव्हा आईचे आईपण कसे चालते? शेवटच्या प्रश्नाने तरुणी गप्प होऊ शकते. दोन वर्षांनी ती वर्गशिक्षिका होईल आणि पालकसभेला अशाच आईला बोलावेल, तेव्हा मुलीलाच भाषांतर करायला बसवायचे की दुभाषा मागवायचा, हा निर्णय तिच्या हातात असेल.

नेमके काय वाढते

अमेरिकी संशोधक डार्ला डिअरडॉर्फ यांनी २००६ मध्ये या क्षेत्रातल्या २३ तज्ज्ञांकडून आंतरसांस्कृतिक क्षमतेच्या वर्णनावर सहमती मिळवली. त्यातून आलेल्या मांडणीत पायाशी वृत्ती आहेत: आदर, मोकळेपणा, कुतूहल. त्यावर ज्ञान आणि कौशल्ये. त्यातून दृष्टी लवचीक होते आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहता येते, आणि शेवटी वागणे असे होते की समोरच्यालाही ते योग्य वाटावे. ‘समोरच्यालाही’ हा भाग मोलाचा आहे. मी सुसंस्कृत वागलो की नाही हे मी एकट्याने ठरवायचे नाही.

आता परदेशी पाठवण्याने हे साधते का? वँडे बर्ग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जॉर्जटाउन अभ्यासात ६१ कार्यक्रमांतून परदेशी गेलेल्या सुमारे १,३०० अमेरिकी विद्यार्थ्यांची चाचणी जाण्याआधी आणि आल्यावर घेतली. सरासरी वाढ किरकोळ निघाली. ज्यांची वाढ ठळक दिसली त्यांच्याबाबत सगळ्यात मोठा फरक पाडणारी गोष्ट होती परदेशात असताना मिळालेले सांस्कृतिक मार्गदर्शन, म्हणजे अनुभवावर बसून बोलणारे कोणीतरी. जर्मनीला एमएस करायला गेलेल्या आपल्या मुलामुलींचे पाहा. खोली मराठी मुलांबरोबर, किराणा एकत्र, सण एकत्र, अडीअडचण व्हॉट्सॲपच्या आपल्याच ग्रुपवर. परक्या शहरात हा आधार लागतोच. पण दोन वर्षे म्युनिकमध्ये राहूनही एकाही जर्मन घराचा उंबरा न ओलांडलेल्या पदवीधरांना मी भेटलो आहे. देश बदलला, सहवास बदलला नाही.

माल्मोच्या नमुन्यावर पुढे नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्पेन अशा देशांत उपक्रम उभे राहिले. नॉर्वेत त्याची सांगड बालकल्याण आणि समाजकार्याच्या पदवीशी घातली गेली. उद्या ज्यांना घराघरांत जाऊन मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घ्यायचे आहेत, त्यांनी आधी एका घरात पाहुणा म्हणून जावे, हे मला अतिशय शहाणपणाचे वाटते. स्पेनमधल्या कॅटलोनियात गिरोना विद्यापीठाने २००६ पासून ‘रोसिन्योल’ नावाने तो चालवला. शेजारच्या साल्त या गावात मोरोक्को आणि गांबियातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या संशोधकांनी उपक्रमातले विद्यार्थी आणि त्यात नसलेले विद्यार्थी यांची तुलना करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला: घरच्या घरी केलेल्या या कामातून विद्यार्थ्यांची आंतरसांस्कृतिक क्षमता वाढते. विमानाचे तिकीट न काढता.

जिथे पाय घसरतो

या उपक्रमाचे कौतुक करताना त्यातला धोका झाकता कामा नये.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सांगितले होते, की दोन गट एकत्र आल्याने पूर्वग्रह आपोआप कमी होत नाहीत. दोघांचा दर्जा समान असावा, ध्येय सामायिक असावे, सहकार्य असावे आणि संस्थेचे पाठबळ असावे. इथे पहिलीच अट डळमळते. एक बावीस वर्षांचा, विद्यापीठात शिकणारा, भाषा येणारा. दुसरे नऊ वर्षांचे मूल. मुलांचे मार्गदर्शक म्हणून जाणाऱ्यांत स्थलांतरित घरांतले विद्यार्थीही असतात आणि मग समीकरण थोडे बदलते, पण मूळ उतार तसाच राहतो. उपकाराची भावना या उतारावरून आपसूक खाली येते.

त्याहून खोल अडचण मला दुसरीच वाटते. विद्यार्थी एका घरात जातो आणि जे दिसेल त्याला ‘त्यांची संस्कृती’ म्हणतो. मूल दोनदा उशिरा आले, पालकांनी संदेशाला उत्तर दिले नाही, थंडीत जाड बूट नव्हते, पोहता येत नाही. डायरीत वाक्य येते: या संस्कृतीत वेळेला महत्त्व नाही, मुलांच्या खेळाकडे लक्ष नाही. वस्तुस्थिती अशी असू शकते, की वडील रात्रपाळीत सफाईचे काम करतात आणि सकाळी झोपतात. आईच्या फोनचे पैसे संपले आहेत. बूट मोठ्या भावाचे होते आणि ते फाटले. यातले काहीच इराकी किंवा सोमाली नाही, हे कमी पगाराचे आणि तात्पुरत्या करारावरच्या नोकरीचे लक्षण आहे. गरिबीला संस्कृतीचे नाव देणे ही आंतरसांस्कृतिक शिक्षणातली सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात नुकसानकारक चूक आहे. असा विद्यार्थी वर्षाच्या शेवटी पूर्वग्रह घेऊनच बाहेर पडतो, आणि आता त्याला वाटते की आपण तो प्रत्यक्ष पाहिला आहे. जवळून पाहिलेला पूर्वग्रह जास्त घट्ट बसतो.

म्हणून मार्गदर्शन बैठक हा या उपक्रमाचा कणा आहे. तिथे बसणाऱ्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारता आला पाहिजे: हे रीतीमुळे आहे, पैशामुळे आहे, की कायद्याने त्यांना ज्या स्थितीत ठेवले आहे त्यामुळे? निवासपरवान्याची वाट बघणारे कुटुंब पुढच्या वर्षीच्या सहलीबद्दल उत्साहाने का बोलत नाही, याचे उत्तर संस्कृतीच्या पुस्तकात सापडणार नाही. हे विचारू शकणारा माणूस संस्थेत नसेल तर उपक्रम सुरूच करू नये, इतक्या टोकाला मी जाईन.

तिसरी गोष्ट मुलाच्या बाजूची. मे महिन्यात जोडी संपते. मुलांना मोठ्या मार्गदर्शकाची जोडी देणाऱ्या अमेरिकेतल्या योजनांचा अभ्यास करून जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये दाखवले, की वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त लाभ झाला, आणि सुरुवातीच्या थोड्याच महिन्यांत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटला. म्हणजे विद्यार्थ्याने कंटाळून डिसेंबरमध्ये यायचे थांबवले तर नुकसान क्रेडिटचे नसते, मुलाचे असते. हे विद्यार्थ्याला निवडीच्या मुलाखतीतच समोर बसवून सांगायला हवे.

आपल्याकडे

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांपुढे ठेवण्याला ठोस कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ हे उद्दिष्ट याच नावाने नोंदवलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आंतरराष्ट्रीय व्यवहार कार्यालये काढायला सांगितली आणि पुष्कळ ठिकाणी ती निघालीही. पण काम फिरते ते परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश, करार आणि दुहेरी पदव्या यांभोवती. केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, आणि एकूण विद्यार्थी सुमारे ४ कोटी ३३ लाख. म्हणजे साधारण दर नऊशेंमागे एक. पुण्यात हे प्रमाण जास्त दिसते, अफगाण, नेपाळी, आफ्रिकी विद्यार्थी कॅम्पसवर दिसतात. तरी शेजारच्या बाकावर परदेशी विद्यार्थी बसेल आणि त्यातून आपली मुले जग शिकतील, या भरवशावर राहणे शक्य नाही. बसला तरी मिसळणे होतेच असे नाही. गटकार्यात विद्यार्थी आपापल्या भाषेच्या, देशाच्या लोकांकडे सरकतात, हे सिमोन व्होले आणि ग्रेस आंग यांनी ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये नोंदवले होते. आपल्या वर्गांतही तेच दिसते.

दुसरीकडे, पुणे महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, इंग्रजी अशा माध्यमांच्या आहेत. त्यांच्या वर्गांत कलबुर्गीहून आलेल्या बांधकाम मजुराचे मूल, घरी गोरमाटी बोलणारे बंजारा मूल, बिहारहून आलेले मूल आणि तिसऱ्या पिढीचे पुणेकर मूल एकत्र बसतात. बीएड किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्याने यांच्यापैकी एका घरी वर्षभर जाणे हे आंतरराष्ट्रीय नाही असा आक्षेप येईल. पण पाहुणा म्हणून एका अनोळखी घरात बसताना जे कौशल्य लागते, आपले नियम हे फक्त आपले असतात हे कळायला जे लागते, ते सरहद्दीवर बदलत नाही. पुण्यात शिकणारा टांझानियाचा किंवा अफगाणिस्तानचा विद्यार्थीही मार्गदर्शक होऊ शकतो. भाड्याची खोली मागताना ज्याने या शहराचा नकारच अधिक ऐकला, त्याला एखाद्या घराचा दरवाजा यातून उघडा मिळेल, आणि त्या घरातल्या मुलाला नकाशावरचा एक देश ओळखीचा होईल. जातीचा प्रश्न इथे येणार हे उघड आहे. कोणाच्या घरचे पाणी प्यायले, कोणाच्या घरी जोडी नको म्हणून सांगितले गेले, हे बैठकीत बोलता आले नाही तर माल्मोचा साचा इथे पोकळ ठरेल. तिथे जे काम निवासपरवान्याबद्दलचे प्रश्न करतात, ते इथे जातीबद्दलच्या प्रश्नांना करावे लागेल.

चौकट तयार आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून लागू झालेल्या पदवी आराखड्यात सामुदायिक सहभाग प्रकल्प आणि क्षेत्र प्रकल्प यांना क्रेडिट आहेत. अडचण वेळापत्रकाची आहे. क्रेडिट सत्राला बांधलेले, सत्र नोव्हेंबरात संपते आणि शाळेचे वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंत चालते. एका सत्राचा प्रकल्प म्हणून हे केले तर जोडी बसता बसता तुटेल, आणि ग्रॉसमन व ऱ्होड्स यांनी ज्या मुलांबद्दल इशारा दिला ती मुले आपण स्वतःच तयार करू. दोन सत्रांची क्रेडिट एकत्र जोडून एकच वर्षभराचा प्रकल्प मान्य करणे, एवढा बदल अभ्यास मंडळाने करायला हवा. दुसरी अडचण अध्यापकाच्या कार्यभाराची. दहा-बारा विद्यार्थ्यांच्या गटाची महिन्यातून दोनदा दीड तासाची बैठक हे व्याख्यानाइतकेच काम आहे आणि ते तासिकांत मोजले गेले पाहिजे, नाहीतर पहिल्या परीक्षेच्या हंगामात पहिली गळणारी गोष्ट तीच असेल.

पहिल्या वर्षी एका महाविद्यालयाने दोन शाळा आणि वीस जोड्यांच्या पुढे जाऊ नये. मुख्याध्यापकांशी बोलणे, विद्यार्थ्यांच्या मुलाखती, पोलीस पडताळणी, पालकांच्या घरी जाऊन त्यांच्या भाषेत सगळे समजावून घेतलेली संमती आणि मार्गदर्शकांचे प्रशिक्षण यात जून ते सप्टेंबर निघून जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जोड्या जुळल्या, दिवाळीच्या सुट्टीत एखादी भेट घरीच झाली, तर एप्रिलच्या परीक्षेपर्यंत सहा महिने हातात राहतात.